बावन्न गावं, दोन लाख घरं: किल्लारीच्या पुनर्बांधणीची गोष्ट

तेरणा नदीच्या परिसरातल्या गावांत घराचा मोठेपणा भिंतीच्या जाडीवरून ओळखला जायचा. दोन-अडीच फूट जाडीची भिंत साध्या घरालाही असे, वाड्याची त्याहून रुंद. काळा दगड मुबलक, चुना महाग, म्हणून दगड मातीतच बसवला जाई. बाहेरचा एक पदर, आतला दुसरा, आणि दोन्हींच्या मध्ये बारीक दगड-मातीचा भराव. या दोन पदरांना एकत्र धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नसे. वर माळवद: लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि त्यावर फूट-दीड फूट माती. गळती लागली की आणखी माती टाकायची. ऐन उन्हाळ्यात असं घर थंडगार राहायचं. पण डोक्यावरचं ओझं पिढी दर पिढी वाढत होतं आणि ते ज्या भिंतींच्या भरवशावर होतं त्या आतून सुट्या होत्या.

याची चिंता कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं. देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा सगळा भाग सर्वांत सुरक्षित, म्हणजे पहिल्या पट्ट्यात दाखवलेला होता. महाराष्ट्राला भूकंप म्हटला की १९६७चं कोयनानगर आठवायचं, मराठवाडा नाही. तरीही जमिनीने आगाऊ सूचना दिली होती. १९९२च्या उत्तरार्धात लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात लहान-लहान धक्के बसू लागले. त्या ऑक्टोबरमधल्या धक्क्याने काही घरांना तडे गेले, लोक काही दिवस उघड्यावर झोपले. मग धक्के विरळ झाले आणि माणसं पुन्हा घरात झोपू लागली.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, ते घर कोसळलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन उरकून, थकून माणसं झोपलेली. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ यांच्या दरम्यान मोजली गेली. जगाच्या हिशेबात हा मध्यम भूकंप, पण केंद्र जमिनीखाली अवघ्या दहा-बारा किलोमीटरवर होतं. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली आणि सुमारे सोळा हजार जखमी झाली. किल्लारी, सास्तूर, तळणी, मंगरूळ, होळी, एकोंडी, राजेगाव, पेठसांगवी अशा गावांची नावं त्या आठवड्यात साऱ्या देशाला पाठ झाली. कित्येक घरांचा लाकडी सांगाडा तग धरून उभा राहिला आणि भिंती मात्र दोन्ही बाजूंना फाकून ढासळल्या. पुढच्या सगळ्या तांत्रिक निर्णयांचं बीज या एका निरीक्षणात होतं, पण ते लक्षात यायला वेळ लागला.

मदतकार्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, इथे थोडक्यात पुरे. मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी भूकंपग्रस्त भागात पोहोचले. लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी आणि त्यांची यंत्रणा, लष्कर आणि राज्यभरातून धावलेले स्वयंसेवक ढिगारे उपसत होते, सामुदायिक अंत्यसंस्कार चालू होते आणि वरून पाऊस कोसळत होता. काही आठवड्यांत पत्र्याचे शेड उभे राहू लागले. उन्हाळ्यात ते भट्टीसारखे तापत आणि अनेक कुटुंबांना त्यांत दोन वर्षं, कुठे त्याहूनही जास्त काढावी लागली. कायमची घरं लवकर द्या, हा रेटा शेडमधून येत होता. निर्णय घेणाऱ्यांवर तो शेवटपर्यंत राहिला.

पहिला मोठा निर्णय त्या शोकातच झाला: पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावं जुन्या जागी बांधायची नाहीत. लोकांची मागणीही तीच होती. ज्या मातीत घरची माणसं गाडली गेली तिथे पुन्हा चूल मांडायची नाही, असं गावंच्या गावं म्हणत होती. त्यातून सगळ्या कामाची तीन गटांत विभागणी झाली. ‘अ’ गटात ५२ गावं, जी नव्या जागी वसवायची. ‘ब’ गटात २२ गावं, ज्यांची पुनर्बांधणी करायची पण एवढ्या मोठ्या स्थलांतराशिवाय. आणि ‘क’ गटात १३ जिल्ह्यांतली अडीच हजारांच्या आसपास गावं, जिथली घरं पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती. त्यांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं. अशी घरं जवळपास दोन लाख निघाली.

या कामाला पैसा लागणार होता आणि राज्याची तिजोरी तेवढी भरलेली नव्हती. जागतिक बँकेचं पथक लवकरच येऊन गेलं आणि १९९४ मध्ये २४.६ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं. या सगळ्याचं नाव ‘महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम’. कामाची जबाबदारी सार्वजनिक बांधकाम, महसूल, ग्रामविकास, पाणीपुरवठा अशा खात्यांत वाटून टाकली असती तर काय झालं असतं, हे महाराष्ट्रात कुणालाही सांगावं लागणार नाही. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिली असती. म्हणून भूकंप पुनर्वसनासाठी स्वतंत्र सचिव नेमले गेले, जॉनी जोसेफ, आणि त्यांच्या हाताखाली मुंबईत एक प्रकल्प व्यवस्थापन कक्ष उभा राहिला. आराखडे, निविदा, पैशाचा हिशेब, बँकेला पाठवायचे अहवाल आणि खात्याखात्यांतला मेळ या कक्षाकडे. निर्णयाचा अधिकार एका जागी, आणि काम लातूर-उस्मानाबादच्या (आजच्या धाराशिवच्या) जिल्हा यंत्रणेमार्फत. १९९५ला राज्यात सत्तांतर झालं, शिवसेना-भाजपचं सरकार आलं, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. कार्यक्रम मात्र त्याच चौकटीत चालू राहिला. आपल्याकडे मोठ्या कामांचं सत्तांतरात काय होतं ते पाहता ही बाब फार मोलाची आहे.

‘अ’ गटातलं काम साऱ्या जगाला दिसणारं होतं. ५२ गावांसाठी जमिनी शोधायच्या होत्या. कापसाच्या काळ्या जमिनीवर घर बांधणं धोक्याचं, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून शक्यतो मुरमाड, घट्ट जमीन निवडायची. ती गावाच्या शिवारापासून फार लांब नको, रस्त्यालगत हवी, तिथे पाणी लागायला हवं, आणि मालकाची तयारीही हवी. जागा आणि आराखडा गावासमोर मांडून मान्यता घेण्याचा प्रघात ठेवला होता. लोकसहभागाच्या कामासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेला सल्लागार म्हणून घेतलं होतं.

घर किती मोठं द्यायचं हे सातबाऱ्यावर ठरलं. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यांना ४००, आणि सात हेक्टरांपेक्षा जास्त जमीन असणाऱ्यांना ७५०. यामागचा हिशेब उघड होता: ज्याची शेती मोठी त्याची गुरं-अवजारं जास्त, धान्य जास्त, म्हणून घर मोठं. पण त्याचा अर्थ असाही झाला की भूकंपाने सगळ्यांना सारखंच उघड्यावर आणलं असताना सरकारी नकाशाने जुनी उतरंड सिमेंटमध्ये ओतून पक्की केली. नव्या गावात मोठ्या घरांच्या रांगा वेगळ्या आणि लहान घरांच्या वेगळ्या दिसू लागल्या. हा निर्णय मला आजही टोचतो. घाईत झाला म्हणून तो माफ करता येईल, पण बरोबर ठरवता येणार नाही.

बांधणारे हातही अनेक होते. काही गावं सरकारने ठेकेदारांकडून बांधून घेतली, काही देशभरातल्या संस्था, उद्योगसमूह आणि वृत्तपत्रांनी दत्तक घेतली. त्यामुळे एकाच तालुक्यात शेजारी-शेजारी निरनिराळी तंत्रं उभी राहिली. बाणेगावचं काम ‘मलयाळ मनोरमा’ या केरळच्या वृत्तपत्राने घेतलं आणि आराखडा लॉरी बेकर यांचा होता. स्थानिक साधनं, कमी खर्च आणि घरांच्या मध्ये मोकळं अंगण ही त्यांच्या कामाची ओळख होती. गुबाळला घुमटाकार घरं आली, ती पाहायला आजही माणसं जातात. इतरत्र बहुतेक ठिकाणी काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंती, वर स्लॅब, आणि सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते. सगळं काम एकदम निघाल्याने वाळू, खडी, ठोकळे आणि गवंडी यांची ओढाताण झाली. लातूरसारख्या पाण्याची टंचाई असलेल्या भागात, एप्रिल-मे महिन्यांत, ओल्या काँक्रीटला रोज पाणी मारायचं तर ते आणायचं कुठून, हा रोजचा प्रश्न होता. १९९८ अखेर कार्यक्रम संपला तेव्हा ‘अ’ गटातली सत्तावीस-अठ्ठावीस हजार घरं उभी होती. वेग, संख्या आणि भूकंपरोधक ताकद या तिन्ही कसोट्यांवर हे काम मोठं आहे.

राहायला गेल्यावर मात्र गोष्टी ध्यानात आल्या. जुन्या वाड्यात देवडी, ओसरी, चौक, धान्याचं बळद आणि गुरांचा गोठा हे सगळं एका भिंतीआड होतं. नव्या घरात पलंग, टेबल आणि खिडक्या होत्या. ज्वारी कुठे साठवायची आणि बैल कुठे बांधायचा याचं उत्तर नव्हतं. मग शेडचे जुने पत्रे आले आणि घरापुढे गोठा उभा राहिला. गावाचा पसारा कित्येक पटींनी वाढला. सरळ रुंद रस्त्यांनी भावकीची गल्ली मोडली. म्हाताऱ्या माणसाला पारापर्यंत जायचं म्हणजे उन्हातली पायपीट झाली. नळाची पाइपलाइन, गटारं, रस्ते, दिवे सगळंच लांबलं आणि त्याची देखभाल ज्या ग्रामपंचायतीवर पडली तिचं उत्पन्न होतं तेवढंच राहिलं. आराखडा काढताना बांधकामाचा खर्च मोजला गेला, पुढची तीस वर्षं ते गाव चालवण्याचा खर्च नाही.

‘क’ गटाकडे कॅमेरे फारसे वळले नाहीत. तिथे ना उद्घाटन होतं ना कोनशिला. पण या सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखं सर्वांत जास्त तिथेच आहे, असं मला वाटतं. दोन लाख घरं, प्रत्येक वेगळं, प्रत्येकाचा तडा वेगळा, आणि सगळ्यांत माणसं राहत असलेली. असं काम कुठल्याही ठेकेदाराला निविदा काढून देता येत नाही. एका घराच्या दुरुस्तीचं मोजमाप दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून सरकारने ठरवलं की बांधणारा घरमालकच असेल. नुकसानीची प्रतवारी करायची, मध्यम नुकसानीला १७,००० रुपये आणि गंभीर नुकसानीला ३४,००० रुपये अनुदान द्यायचं. पैसा मालकाच्या बँक खात्यात टप्प्याटप्प्याने जमा होणार आणि एका टप्प्याचं काम पाहिल्याशिवाय पुढचा हप्ता मिळणार नाही. अनुदानाचा काही भाग सिमेंट-लोखंडासारख्या साहित्याच्या रूपात. गवंडी कोण, दार कुठे, खोली किती, हे घरचं माणूस ठरवणार.

कागदावर सोप्या दिसणाऱ्या या योजनेचा सगळा भार येऊन पडला तो कनिष्ठ अभियंत्यावर. शेकडो कनिष्ठ अभियंते गावोगाव फिरत होते. भिंतीतली एक भेग सतरा हजारांची की चौतीस हजारांची, हे त्याच्या नोंदीवर ठरायचं, त्यामुळे त्याच्याभोवती गावाची गर्दी, पुढाऱ्याचा निरोप आणि शेजाऱ्याची तक्रार तिन्ही असायचं. पण त्याचं खरं काम मोजणीचं नव्हतं, समजावण्याचं होतं. रुरकी विद्यापीठाचे आनंदस्वरूप आर्य यांच्यासारख्या तज्ज्ञांनी सांगितलेले उपाय त्याला गवंड्याच्या गळी उतरवायचे होते. माळवदावरची जादा माती काढून भार हलका करा. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरपा टेकू ठोका. दगडी भिंतीत ठराविक अंतरावर आरपार भोक पाडा, त्यात सळई घालून काँक्रीट भरा, म्हणजे दोन पदर एकमेकांना धरून राहतील. दाराच्या चौकटीवरच्या उंचीला घराभोवती सळई-काँक्रीटचा अखंड पट्टा फिरवा. पन्नास वर्षं दगड घडवलेल्या गवंड्याला कालच्या पोराने हे सांगायचं, आणि त्यासाठी त्याची चांगली भिंत फोडायला लावायची.

यातली अडचण मुंबईत बसून दिसत नव्हती, गावात दिसत होती. अनुदान किती, अट कोणती, हप्ता का अडला याची माहिती पुरुषांच्या बैठकीत येऊन तिथेच थांबायची, आणि घर चालवणाऱ्या बाईला ती कुणी सांगत नव्हतं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत लोकसहभागाची जबाबदारी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे आली. प्रेमा गोपालन तिच्या प्रमुख होत्या. संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांना हाताशी धरलं आणि त्यांच्यातल्याच एका बाईला ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे केलं. ती काय करायची? ग्रामसभेत यादी वाचून घ्यायची. कुणाचं नाव सुटलं ते विचारायची. अभियंता येणार त्या दिवशी ज्यांचं जोतं झालंय त्यांना घरी थांबायला सांगायची. बँकेत पहिल्यांदाच पाय ठेवणाऱ्या शेजारणीबरोबर जायची. आणि चौकटीवरचा पट्टा न टाकता गवंडी भिंत वर नेऊ लागला तर त्याला थांबवायची. यातल्या कित्येक जणी त्याआधी चावडीच्या पायरीवरही बसलेल्या नव्हत्या.

एखाद्या मोठ्या बांधकामावर सुपरवायझर जे काम करतो तेच इथे बाराशे-तेराशे गावांत एकेक बाई करत होती. जागतिक बँकेची अट, मंत्रालयातला शासन निर्णय आणि रुरकीचं शास्त्र ही सगळी साखळी अखेर तिच्या आणि त्या कनिष्ठ अभियंत्याच्या हातात येत होती. जिथे ही जोडी जमली तिथे काम चोख झालं. जिथे दोघांपैकी एक कच्चा निघाला तिथे पैसा गेला आणि भिंत होती तशीच राहिली.

आणि लोकांनीही योजनेला आपलं वळण दिलं. मजबुतीकरणासाठी मिळालेल्या पैशातून बहुसंख्य कुटुंबांनी जुनी भिंत मजबूत करण्याऐवजी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. तज्ज्ञ हळहळले, कारण त्याच पैशात सगळं जुनं घर सुरक्षित करता आलं असतं. पण दगडाने ज्यांची माणसं नेली त्यांना त्याच दगडाखाली पुन्हा झोपा म्हणणं सोपं नव्हतं. निदान एक खोली अशी हवी, जिथे रात्री डोळा लागेल. सरकारनेही शेवटी ते मान्य केलं. आखलेली योजना लोकांनी वाकवली आणि ती वाकू दिली गेली, हे मला या कार्यक्रमातलं शहाणपण वाटतं. काँक्रीटच्या ‘अ’ गटात असं वाकायला जागाच नव्हती.

जुना दगड नको, या हट्टाची दुसरी बाजूही सांगायला हवी. दगड वाईट नव्हता, बांधायची रीत वाईट होती. हा फरक सगळ्यांपर्यंत पोहोचला नाही. पुढच्या वर्षांत घरं वाढवताना, गोठे बांधताना अनेकांनी पुन्हा मातीत दगड रचला किंवा पट्ट्याशिवाय विटांच्या भिंती उभ्या केल्या. अनुदान संपलं तसा अभियंता निघून गेला. त्याच्या जागी गावात जाणकार म्हणून कोण उरणार, याची तरतूद कुठल्याही आराखड्यात नव्हती. भूकंप पाहिलेला गवंडी म्हातारा झाला, न पाहिलेला हाती करणी घेऊन आला.

राज्याच्या आणि देशाच्या कारभारावर मात्र या पाच वर्षांची खूण उमटली. भूकंपाच्या नकाशात किल्लारीचा भाग २००२ मध्ये तिसऱ्या पट्ट्यात गेला. आपत्ती व्यवस्थापन हे मदतीपुरतं नसून कायमचं काम आहे हा विचार महाराष्ट्रात या निमित्ताने रुजला आणि मंत्रालयात त्यासाठी स्वतंत्र नियंत्रण कक्ष आला. संवाद सहायक म्हणून तयार झालेल्या बायकांचे गट घरं पूर्ण झाली तरी मोडले नाहीत. ते बचत गटांत बदलले, पाणी आणि आरोग्याच्या प्रश्नांकडे वळले.

२६ जानेवारी २००१ला भूकंपाने गुजरातमधलं कच्छ हादरलं. देशपातळीवर आपत्ती व्यवस्थापनाची जी सर्वपक्षीय समिती नेमली गेली तिचं उपाध्यक्षपद शरद पवारांकडे आलं. लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छला गेल्या, तिथल्या बायकांना घर बांधणीतलं आपलं काम समजावून सांगायला. गुजरातमध्येही पहिल्या आठवड्यांत उद्ध्वस्त गावं हलवायचीच भाषा होती. पण बहुतेक गावांनी हलायला नकार दिला आणि गुजरात सरकारने आपलं धोरण बदललं: स्थलांतर ऐच्छिक, घर मालकाने बांधायचं, पैसा त्याच्या खात्यात हप्त्याहप्त्याने, आणि प्रत्येक हप्त्याआधी अभियंत्याची तपासणी. किल्लारीत बावन्न गावांसाठी जी वाट धरली गेली होती ती तिथे अपवाद ठरली. अडीच हजार गावांत, कॅमेऱ्यांपासून दूर, जी वाट चाचपडत सापडली होती, त्याच वाटेने कच्छमधली बहुतांश घरं उभी राहिली.